ऑथेल्लोमध्ये नक्की कोणाची अब्रू जाते?

रानवाट

नमस्कार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पोर्शन संपल्यावर जे दोन-चार तास हातात उरतात, त्यात मुलांना एखाद्या नाटकाचा तुकडा वाचून दाखवते. यंदा शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' घेतलं. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश, ज्यात इयागो सेनापतीच्या कानाला लागतो आणि बघता बघता त्याचा संसार मोडून ठेवतो.

वाचून झालं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्याला बायको हातची गेली ह्याचं दुःख दिसतच नाही. चार लोकांत आपलं हसं होणार, एवढंच डोक्यात आहे."

मी इतकी वर्षं हे नाटक संशयाची शोकांतिका म्हणून सांगत आले. 'मत्सर म्हणजे हिरव्या डोळ्यांचा राक्षस' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. त्या रात्री घरी येऊन सगळं नाटक पुन्हा वाचलं आणि पेन्सिलीने फक्त तीनच शब्दांच्या जागी रेघ मारली: नाव, लौकिक, अब्रू. पुस्तक रेघांनी भरून गेलं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्याचा मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा काळ्या वर्णाचा, सेनापती. एका सिनेटरची मुलगी, डेस्डेमोना, बापाला न सांगता त्याच्याशी लग्न करते. तुर्कांशी लढायला त्याला सायप्रसला पाठवतात. लेफ्टनंटची जागा आपल्याला न देता कॅशिओला दिली म्हणून इयागो जळतो आहे. तो डेस्डेमोना आणि कॅशिओचं सूत असल्याचं ऑथेल्लोच्या मनात भरवतो, डेस्डेमोनाचा एक रुमाल पुरावा म्हणून फिरवतो. ऑथेल्लो बायकोला बिछान्यातच मारतो, मग खरं कळतं आणि तो स्वतःला संपवतो. नाटक १६०३-०४ च्या सुमाराचं. १ नोव्हेंबर १६०४ ला राजवाड्यात प्रयोग झाल्याची नोंद आहे.

आता दोन जागा शेजारी शेजारी ठेवते.

दुसऱ्या अंकात कॅशिओ पहाऱ्यावर असताना दारू पितो, मारामारी करतो, ऑथेल्लो त्याला जागच्या जागी पदावरून काढतो. सगळे गेल्यावर कॅशिओ रडतो: माझा लौकिक, लौकिक, लौकिक गेला! माझ्यातलं जे अमर होतं ते गेलं, उरलं ते जनावर. त्यावर इयागो म्हणतो, मला वाटलं अंगावर कुठे जखम झाली. लौकिक म्हणजे फुकाची गोष्ट. लायकी नसताना मिळते, चूक नसताना जाते.

पुढच्याच अंकात हाच इयागो ऑथेल्लोला सांगतो: माझी पैशाची थैली चोरली तर कचरा चोरला. पण जो माझं चांगलं नाव चोरतो, तो स्वतः श्रीमंत होत नाही आणि मला मात्र खरोखर कंगाल करून जातो.

नाट्यवेळेने पाहिलं तर दोन वाक्यांत एक रात्र गेली आहे. दुसरं वाक्य लोक सुविचार म्हणून भिंतीवर लावतात, ते कोणाच्या तोंडचं आहे हे विसरून. मला वाटतं इयागोचा यातल्या कशावरच विश्वास नाही. समोरच्याची दुखरी नस कुठे आहे ते त्याला कळतं. कॅशिओला 'लौकिकाचं काय एवढं' असं म्हटलं की तो हलका होऊन डेस्डेमोनाकडे रदबदली करायला जाणार. ऑथेल्लोला 'लौकिकच सर्वस्व' म्हटलं की तो आतून पेटणार.

आपल्या भाषेत 'नाव' या एका शब्दाने किती कामं होतात पाहा. बाळाचं नाव ठेवतात आणि त्याच बाळाला मोठेपणी लोक नावं ठेवतात. मुलगा घराण्याचं नाव काढतो, मुलगी मात्र नाव घालवते. बाई उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते. म्हणजे नाव आपलं असतं, पण वापरतात ते दुसरेच. हे नाटक मराठी माणसाला शिकवायला संशयापेक्षा 'नाव' हा शब्द जास्त उपयोगी पडेल असं मला वाटायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

छावणी

रानवाट ताई, कॅशिओबद्दल लिहितो, कारण त्याला बहुतेक जण लेचापेचा ठरवतात.

माझं बालपण कॅन्टोन्मेंटमध्ये गेलं, वडील फौजेत होते. पहाऱ्याची जबाबदारी असताना प्यायलेला अधिकारी म्हणजे काय, हे तिथे शाळकरी पोरालाही कळतं. परिस्थिती पाहा. वादळाने तुर्कांचं आरमार बुडालं, लढाईच झाली नाही. बेटावर शस्त्र घेतलेले, लढायला काही नसलेले शेकडो पुरुष. संध्याकाळी पाचपासून रात्री अकराच्या टोल्यापर्यंत मोकळीक, अशी दवंडी पिटलेली. अशा रात्री पहारा ज्याच्याकडे, त्याने सायप्रसच्या माजी कारभाऱ्याला, मोंटानोला, तलवारीने जखमी करायचं! मध्यरात्री धोक्याची घंटा वाजते, सगळं गाव जागं होतं.

कॅशिओचं रडणं बढाईखोर माणसाचं नाही. ज्याच्या शब्दावर उद्या चाळीस माणसं हलायला हवीत, त्याचा शब्द आज हलका झाला. फौजेत लौकिक हे हत्यारच आहे, ते गेलं की हातात काही राहत नाही.

आमच्या क्वार्टर्समध्ये एका काकांच्या बाबतीत असंच झालं होतं. खातं सोडलं नाही, बदली झाली फक्त. पण सामान बांधताना ते युनिफॉर्मच्या पितळी बटणांना ब्रासो लावत बसले होते, एकेक बटण, दीड-दोन तास. काकू आत रडत होत्या. मी दारात उभा होतो, मला त्यांनी हाक मारली नाही. कॅशिओचा तो प्रवेश वाचला की मला ती बटणं दिसतात.

तिसरी_घंटा

छावणी दादा, बटणांचं वाचून गलबललं.

मी हौशी रंगभूमीवर काम करते. मागच्या वर्षी आमच्या संस्थेने या नाटकाचा दोन तासांचा मराठी प्रयोग बसवला, मी डेस्डेमोना होते. 'नावा'चा विषय निघालाच आहे तर चौथ्या अंकातली एक जागा सांगते, जिच्यावर आमच्या तीन आठवडे तालमी चालल्या.

ऑथेल्लो तिला तोंडावर वेश्या म्हणतो आणि निघून जातो. ती सुन्न. एमिलिया, म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण, इयागोला बोलावून आणते. तेव्हा डेस्डेमोना त्यालाच विचारते, "ते नाव माझं आहे का, इयागो?" तो विचारतो, "कोणतं नाव?" ती म्हणते, "ही सांगते ना, ते म्हणाले तेच." तिच्या तोंडून तो शब्द निघतच नाही. थोड्या वेळाने एकदा उच्चारते तेव्हा म्हणते की उच्चारतानाच मला शिसारी येते.

आमच्या अनुवादकाने आधी लिहिलं होतं, "मी तशी आहे का?" बोलायला सोपं होतं. पण तालमीत लक्षात आलं की 'तशी' म्हटलं की ती स्वतःच्या वागण्याबद्दल विचारते. 'ते नाव माझं आहे का' म्हटलं की ती विचारते, हे माझ्यावर कोणी चिकटवलं, आणि आता ते निघेल का. दिग्दर्शकाने मला चालायला सांगितलं नाही, हात हलवायला सांगितलं नाही. फक्त एवढं सांगितलं की इयागोच्या चेहऱ्याकडे बघ, कारण तुला वाटतं हा भला माणूस आहे. ज्याने नाव चिकटवलं त्यालाच ती विचारते आहे, हे प्रेक्षकांना माहीत, तिला नाही. पहिल्या प्रयोगाला त्या वाक्यानंतर थिएटरमध्ये खुर्चीची करकरसुद्धा ऐकू आली नाही.

धूळपाटी

चर्चा चांगली आहे, पण एक गोष्ट बाजूला राहते आहे. ऑथेल्लोचं नाव इतकं ठिसूळ का आहे? कॅशिओचं गेलं तरी तो फ्लॉरेन्सचा गोरा पोरगा आहे, नाटक संपताना सायप्रसचा कारभार त्याच्याकडेच जातो. ऑथेल्लोला दुसरी संधी नाही.

पहिला प्रवेश काढून वाचा. अर्धी रात्र, इयागो आणि रॉडेरिगो सिनेटरच्या खिडकीखाली ओरडताहेत. ऑथेल्लोबद्दल किती बोलतात! मूर म्हणतात, जाड ओठांचा म्हणतात, काळा बोकड म्हणतात, घोडा म्हणतात. नाव घेत नाहीत. दुसऱ्या प्रवेशातही नाही. 'ऑथेल्लो' हा शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारतो तर व्हेनिसचा ड्यूक, तिसऱ्या प्रवेशात, आणि त्याच वाक्यात सांगतो की तुला ताबडतोब तुर्कांवर पाठवायचंय. काम पडलं तेव्हा नाव आठवलं.

माझ्या आजोबांना गावात कोणी नावाने हाक मारली नाही. जातीच्या नावाने मारायचे, किंवा नुसतं 'ए'. ते पहिल्यांदा शहरात गिरणीत लागले तेव्हा हजेरीच्या पुस्तकात त्यांचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं गेलं. कारकुनाने मोठ्याने वाचलं तेव्हा त्यांना क्षणभर कळलंच नाही की आपल्याला बोलावताहेत. हे ते म्हातारपणापर्यंत सांगायचे. ज्याने नाव कमावलंय त्यालाच ते जाण्याची भीती काय असते ते कळतं. जन्माने मिळालेल्याला ते हवेसारखं असतं.

डेस्डेमोनाचा बाप ब्रॅबँशिओ ऑथेल्लोला घरी बोलावत होता, त्याच्या लढायांच्या गोष्टी हौसेने ऐकत होता. जावई म्हणून मात्र नको. जेवायला पंगतीत चालतो, सोयरीक चालत नाही. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे रानवाट यांच्या वर्गातल्या त्या मुलीचं वाक्य बरोबर आहे, पण त्यात भर घाला: चार लोकांत हसं होणं ही त्याच्यासाठी नुसती लाज नाही, जगण्याचा परवाना रद्द होणं आहे. तो म्हणतोच ना चौथ्या अंकात, की दारिद्र्य दे, रोग दे, कैद दे, सोसेन, पण काळाने बोट रोखून हसावं असं चित्र मला करू नकोस.

रानवाट

धूळपाटी, मनापासून आभार. आजोबांची आठवण इथे लिहिलीत, ती मी वर्गात (तुमची परवानगी असेल तर) सांगेन.

तुमच्या मुद्द्याला एक जोड देते. शेक्सपिअरने ही गोष्ट घेतली ती इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ च्या कथासंग्रहातून. त्या मूळ कथेत कोणालाच नाव नाही. मूर आहे, निशाणाचा अधिकारी आहे, कप्तान आहे. नाव फक्त एकीला आहे: डिस्डेमोना. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दुर्दैवी, आणि त्या कथेतले श्रोते बापालाच दोष देतात की मुलीला असं अशुभ नाव ठेवलंच का. म्हणजे तिथे मूराला नावच नव्हतं, शेक्सपिअरने त्याला दिलं, आणि मग अडीच-तीन तासांत ते त्याच्याकडून काढून घेतलं.

कोर्टाची_पायरी

वकिली करतो, म्हणून माझ्या डोळ्याने.

पहिली गोष्ट. त्या काळच्या लंडनमध्ये धर्मन्यायालयांत बदनामीचे दावे भरपूर चालत, आणि त्यातले बरेचसे बायकांनी आणलेले असत. शेजारणीने भररस्त्यात रांड म्हटलं, गिऱ्हाइकासमोर म्हटलं, असे. नाव गेलं की लग्न, धंदा, शेजार सगळंच जायचं. तेव्हा डेस्डेमोनाचं 'ते नाव माझं आहे का' हे वाक्य त्या प्रेक्षकांना पुस्तकी वाटलं नसणार. फरक इतकाच की बाजारातली बाई दावा लावू शकत होती, सेनापतीची बायको बंद दाराआड कोणाकडे जाणार?

दुसरी गोष्ट इयागोच्या पद्धतीची. तो आरोप करत नाही. कॅशिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो आणि हा पुटपुटतो, "हं, हे मला नाही आवडलं." ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? "काही नाही." मग ऑथेल्लो ओढून ओढून काढतो. आपल्या कायद्यात (पूर्वी दंडसंहितेचं कलम ४९९, आता न्याय संहितेचं ३५६) स्पष्ट म्हटलंय की पर्याय ठेवून किंवा उपरोधाने बोललेलंही बदनामी ठरू शकतं. कायदा करणाऱ्यांना इयागो चांगले ओळखीचे होते.

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, साक्षीदारांची. ऑथेल्लो अगदीच चौकशी करत नाही असं नाही. चौथ्या अंकात तो एमिलियाला विचारतो. ती म्हणते, माझ्या जिवाची पैज लावते, ती निष्कलंक आहे. इतकी सरळ साक्ष नाटकात दुसरी नाही. ती बाहेर जाताच तो म्हणतो, असं तर कोणीही कुंटीण सांगेल. साक्ष उडवली, कारण साक्षीदार हलकी. आणि कॅशिओ झोपेत काहीबाही बडबडला ही इयागोची ऐकीव गोष्ट ग्राह्य, कारण तो 'प्रामाणिक'. 'प्रामाणिक' आणि 'प्रामाणिकपणा' हे शब्द मूळ नाटकात पन्नासहून जास्त वेळा येतात, त्यातले कितीतरी इयागोला उद्देशून. ज्याचं नाव चांगलं त्याचं खोटंही चालतं, ज्याचं नाव हलकं त्याचं खरंही चालत नाही. कोर्टात हे रोज बघतो.

अबोली

मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. पण 'हं, हे मला नाही आवडलं' वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या आधीच्या नोकरीत मला बढती मिळाली त्या आठवड्याची गोष्ट. डब्याच्या वेळी एक सहकारी म्हणाले, "अभिनंदन. साहेब तुमच्यावर खूश आहेत." एवढंच. 'खूश' म्हणताना ते डब्याचं झाकण लावत होते, वर बघितलंही नाही. टेबलावरचे दोघे तिघे उगाच पाणी प्यायले. त्यानंतर दोन वर्षं मी त्या एका शब्दाशी भांडत होते. कोणाशी भांडू? कोणी काही बोललंच नव्हतं. खुलासा करायला जावं तर आरोप कुठेच नाही. शेवटी नोकरी सोडली तेव्हाही लोक म्हणाले, बघा, म्हणजे असेल काहीतरी.

नवऱ्याने मला एकदाही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे आणि असं ऋणी वाटावं लागतं याचा मला अजून राग येतो.

तिसरी_घंटा

अबोली ताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. डेस्डेमोनाला हा राग येतच नाही, हे भूमिका करताना मला सगळ्यात जड गेलं. मरताना एमिलिया विचारते, हे कोणी केलं? ती म्हणते, "कोणी नाही. मीच." त्याचं नाव वाचवते. स्वतःचं नाव ज्याने मातीत घातलं त्याचं.

जुना_पडदा

मराठी रंगभूमीच्या बाजूने थोडी भर. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणलं १८६७ साली. शेक्सपिअर मराठीत येण्याची ती सुरुवातच म्हणायची. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं देशी रूपांतर केलं, 'झुंझारराव', १८९०. नायकाच्या नावातच त्याचा लौकिक आहे हे रानवाट यांच्या मुद्द्याला धरून लक्षात आणून देतो. गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. नंतर वि. वा. शिरवाडकरांनीही हे नाटक मराठीत केलं.

पण मला दुसरंच सांगायचंय. शेक्सपिअरच्या काळी डेस्डेमोना पोरगा करायचा. आपल्याकडेही झुंझाररावाची बायको पुरुषानेच केली. इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर पहिल्यांदा व्यावसायिक नटी उभी राहिली १६६० साली, आणि ती डेस्डेमोनाच्या भूमिकेत होती असं मानलं जातं. विचार करा, त्या बाईला चारचौघांत तोंडाला रंग लावल्याबद्दल बाहेर जो शब्द ऐकावा लागत असेल, तोच शब्द स्टेजवर नवऱ्याकडून ऐकायचा आणि म्हणायचं, हे नाव माझं आहे का. आपल्याकडेही पहिल्या नट्यांना गावोगाव काय सोसावं लागलं, हे जुन्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. बिऱ्हाडाला खोली मिळायची नाही.

सह्यकडा

सगळं पटतंय, तरी विरोधी बाजू मांडतो. नाव, लौकिक म्हणताना प्रेम पार पुसून टाकू नका. नुसत्या अब्रूची चाड असलेला माणूस बायकोला माहेरी धाडेल, काडीमोड घेईल. हा मारण्याआधी तिचा मुका घेतो, रडतो. सायप्रसला उतरल्यावर तिला पाहून म्हणतो, आत्ता मरण आलं तरी सुखाचं. हा माणूस प्रेमात बुडालेला आहे. त्याला तिसऱ्या अंकात सैनिकी जीवनाचा निरोप घेताना बघा: घोडे गेले, नगारे गेले, निशाणं गेली, ऑथेल्लोचं कामच संपलं. बायको गेली म्हणजे लढाईसुद्धा गेली, इतकं ते एकजीव झालेलं. याला लोकलाज म्हणणं कमी पडतं.

आणि शेवटच्या भाषणाबद्दल कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९२७ मध्ये म्हटलं होतं की ऑथेल्लो तिथे स्वतःची समजूत घालतोय, स्वतःला बरं वाटून घेतोय. मला ते फार कठोर वाटतं. तुमच्या मांडणीने आपण एलियटच्याच रांगेत जाऊन बसतो.

धूळपाटी

सह्यकडा, एलियटशी मीही सहमत नाही, पण वेगळ्या कारणाने. ऑथेल्लो काय म्हणतो? तुम्ही पत्रात हे सगळं लिहाल तेव्हा मी जसा आहे तसं लिहा, सावरून घेऊ नका, आकसाने वाढवूही नका. तो कोणाला सांगतोय? लोडोविकोला, जो ब्रॅबँशिओचाच नातलग. कागद व्हेनिसचा, शाई व्हेनिसची. त्याला ठाऊक आहे की उद्यापासून तो पुन्हा 'मूर' होणार, पहिल्या प्रवेशातला. आयुष्यभर त्याने स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली, त्या गोष्टीवरच डेस्डेमोना भाळली. आता सांगायला तो नसेल. अशा वेळी माणूस शेवटची दुरुस्ती करून घेतो, त्याला मी समजूत घालणं म्हणणार नाही.

आणि मग अलेप्पोची गोष्ट: एका तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, राज्याला नावं ठेवली, मी त्याचा गळा धरून असा वार केला. 'असा' म्हणताना स्वतःच्याच पोटात खंजीर. मारणारा व्हेनिसचा सेनापती आणि मरणारा परका तुर्क, दोन्ही तोच. हे खोटं समाधान असेल तर इतकं महाग समाधान मी कुठे पाहिलं नाही.

पण खून केला त्याचं काय, तर तिथे मी त्याला एक इंचही सोडणार नाही. तो म्हणतो, हवं तर मला इज्जतीपायी खून करणारा म्हणा, द्वेषाने काही केलं नाही, सगळं इज्जतीसाठी. हे वाक्य आजही कोणत्या बातम्यांत वाचायला मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या बहिणीला, मुलीला मारून ठाण्यात स्वतः हजर होणारे असंच बोलतात. मान ताठ ठेवून.

रानवाट

धूळपाटी, सह्यकडा, तुमच्या दोघांच्या मधे मला एमिलिया दिसते, तिच्यावर कोणी पुरेसं बोललं नाही म्हणून लिहिते.

इयागोच्या पहिल्या अंकातल्या स्वगतात एक गोष्ट येऊन जाते. लोक म्हणतात की ऑथेल्लोने माझ्या अंथरुणात माझी जागा घेतली. खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण नुसत्या संशयावर मी ते खरं धरून चालेन. म्हणजे नाटक सुरू होण्याआधीच एमिलियाचं नाव गेलेलं आहे. 'लोक म्हणतात' एवढ्यावर. तिला हे माहीतही आहे. चौथ्या अंकात ती इयागोच्या तोंडावर सांगते की असाच कोणीतरी हरामखोर होता ज्याने तुझ्या मनात माझ्याविषयी आणि मूराविषयी भरवलं होतं. तिने तेव्हा सोसलं, संसार रेटला. रुमालही नवऱ्याला खूश करायला दिला.

शेवटच्या प्रवेशात तिला नवऱ्याचं कारस्थान कळतं. इयागो म्हणतो, घरी जा. ती म्हणते, नवऱ्याचं ऐकणं रीतीचं आहे, पण आत्ता नाही. कदाचित मी कधीच घरी जाणार नाही. आणि मग रुमालाचं कळतं तेव्हा: स्वर्गाने, माणसांनी, सैतानांनी, सगळ्यांनी माझी छी:थू केली तरी मी बोलणार. भरल्या लोकांत, सगळे पुरुष, हातात तलवार घेतलेला नवरा समोर. तो तिला मारतोच.

कॅशिओने नाव गेलं म्हणून आकांत केला, ऑथेल्लोने नाव वाचवायला खून केला, डेस्डेमोनाने दुसऱ्याचं नाव वाचवायला खोटं सांगितलं. एमिलिया एकटीच अशी आहे जी नाव जाऊ दे म्हणते आणि खरं बोलते. कोर्टाची पायरी म्हणाले तसं, हलकी ठरवलेली साक्षीदार, आणि शेवटी तिच्याच साक्षीवर सगळं उघड होतं. इयागोला त्यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. 'यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही' म्हणतो आणि खरंच बोलत नाही.

कोर्टाची_पायरी

बियांकाला, कॅशिओच्या नादातल्या त्या बाईला, विसरू नका. पाचव्या अंकात एमिलियाच तिला रांड म्हणते आणि ती उत्तर देते, मी तशी नाही, मला नावं ठेवणाऱ्या तुझ्याइतकीच नेकीने जगते. ज्या बाईला आयुष्यभर तो शब्द ऐकावा लागला तिला तो उलटवून लावायला भीती वाटत नाही. आणि एमिलियालासुद्धा, जिच्यावर तोच शिक्का मारला गेला होता, दुसरीवर तो मारताना काही वाटलं नाही. माणसं अशीच वागतात.

रानवाट

हो. ते वाचताना मला एमिलियाचा राग आला होता, आणि पुढच्याच प्रवेशात तिच्यासाठी डोळे भरून आले.

शेवटी एक पाठभेद सांगून थांबते, कारण धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न मुळात तिथून आला.

तिसऱ्या अंकात संशय भिनल्यावर ऑथेल्लो म्हणतो: चंद्रदेवीच्या चेहऱ्यासारखं स्वच्छ होतं ते नाव आता माझ्या तोंडासारखं काळवंडलं. १६२२ साली जी पहिली छापील प्रत निघाली तीत ही ओळच नाही. १६२३ च्या मोठ्या संग्रहात ती आहे, आणि तिथे शब्द आहेत 'माझं नाव'. १६३० ची प्रत निघाली, तीत 'तिचं नाव' असं झालं. आज काही संपादक एक घेतात, काही दुसरं. 'तिचं' म्हटलं की तो बायकोबद्दल बोलतोय, तिच्या डागाबद्दल. 'माझं' म्हटलं की त्या क्षणी त्याला बायको दिसतच नाही.

मी इतकी वर्षं 'तिचं' शिकवलं, कारण माझ्या पुस्तकात तसं होतं. काल त्या मुलीला दोन्ही छापून दिलं. तिने वाचलं आणि 'माझं'खाली बोट ठेवलं.

तिसरी_घंटा

आमच्या संहितेत 'तिचं' आहे. ऑथेल्लो करणारा मित्र ते वाक्य माझ्या जागेकडे, म्हणजे विंगेत मी जिथे उभी असते तिकडे, बघून म्हणायचा. हा धागा त्याला आणि दिग्दर्शकाला पाठवला. आत्ता फोनवर तासभर बोललो. पुढच्या महिन्यात दोन प्रयोग लागलेत, त्यासाठी तालमी सोमवारपासून. 'माझं' म्हणून बघू या म्हणाले. मित्राने विचारलं, मग बघू कुठे? दिग्दर्शक म्हणाले, प्रेक्षकांकडे. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकेकाकडे.

रानवाट

तारीख कळवा. दोन तिकिटं हवीत, मी आणि ती मुलगी येतो.

तिसरी_घंटा

ठेवते. मधल्या रांगेतली.